न्हाणीघरातला पुठ्ठा

आमच्या निफाड तालुक्यातली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पौषात पारा कधी कधी चार-पाच अंशांवर उतरतो. रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि पहाटे हौदातल्या पाण्यात बोट घालवत नाही. शेतकऱ्याच्या घरी ऊन पाणी केवळ अंघोळीला लागते असेही नाही. दुधाच्या किटल्या असतात, लेकराची दुपटी असतात.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अंगणात तांब्याचा बंब होता. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आणि दोन गोवऱ्या घातल्या की अर्ध्या तासात पाणी कढत. त्या बंबाची एक रीत होती. रोज जाळीखालची राख काढायची, दर शनिवारी काठीला चिंधी बांधून मधल्या नळीतली काजळी काढायची आणि सणावाराला चिंच लावून तो लख्ख घासायचा. हे काम सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात लावून दिले. मला त्याचा कंटाळा यायचा, खोटे कशाला बोलू? पण एखादा शनिवार चुकला तर बंब तोंडावर धूर ओकायचा. डोळे चोळत उठावेच लागे.

2015 साली नवे घर बांधले आणि मुलाने गॅसचा गिझर आणला. मिनिटाला सहा लिटर पाणी. तोटी सोडली की चट्‌चट् आवाज होतो आणि आतली आग आपोआप पेटते. ना राख, ना फुंकणी. बंब माळ्यावर गेला. गिझर बसवायला आलेल्या माणसाने तो न्हाणीघरातच, दारामागच्या भिंतीवर ठोकला. धुराची नळी कुठे, असे मी विचारले तर म्हणाला, "मावशी, याला धूरच नसतो." आम्हालाही ते पटले. पुढची चार वर्षे आम्ही त्याचे सेल तेवढे बदलले. त्याचे झाकण उघडून आत काय आहे, हे घरातल्या एकानेही पाहिले नाही.

2019 च्या डिसेंबरात नातवाला खोकला झाला. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा येतो म्हणून मी एक जाड पुठ्ठा कापला आणि चार खिळे मारून झरोका बंद केला. हे काम मी माझ्या हाताने केले, म्हणून तर हे लिहिते आहे.

त्यानंतर सून म्हणू लागली, "आत्याबाई, न्हाऊन आले की डोके जड होते, मळमळते." मी म्हटले, "उपाशीपोटी न्हातेस, पित्त झालं असेल." मग लिंबाचे सरबत झाले, आवळ्याचा मुरंबा झाला. आठवडाभर आम्ही दोघी पित्ताच्या मागे लागलो होतो. बाहेर हिंडले-फिरले की तिला बरे वाटे, हे तिनेच मला दोनदा सांगितले होते. मी त्याचा अर्थ लावला नाही.

एका रविवारी आधी मुलगा न्हाला, मग नातू, आणि शेवटी सून केस धुवायला गेली. पाण्याचा आवाज चालू होता. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. ओ नाही. मुलाने खांदा लावून कडी तोडली तेव्हा ती भिंतीशी टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली. मी तिच्या अंगावर लुगडे टाकले आणि दोघांनी तिला ओढत अंगणात आणले. मुलगा श्वास रोखून पुन्हा आत गेला आणि गॅस बंद करून आला. नाशिकला पोचेपर्यंत तिला शुद्ध आली होती, पण आपण कुठे आहोत ते सांगता येत नव्हते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पित्ताचा नव्हता. "पाणी तापवायला गॅसचा गिझर आहे का?" असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता प्राणवायू लावला. मग आम्हाला समजावून सांगितले. गॅस नीट जळायला हवा फार लागते, गॅसच्या एका भागाला हवेचे पंचवीस-तीस भाग. कोंडलेल्या खोलीत ती पुरत नाही. मग अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. टाकीतल्या गॅसला, गळती कळावी म्हणून, मुद्दाम वास घातलेला असतो. या वायूला वासही नाही, रंगही नाही. पाठोपाठ तिघे न्हाले की तिसऱ्याच्या वाट्याला आधीच्या दोघांचा साठलेला वायू येतो.

सून दोन दिवसांनी घरी आली. त्याच दुपारी मी पुठ्ठा उपटला आणि मुलाने दुसऱ्या एका जाणत्या फिटरला बोलावले. त्याने झाकण काढले आणि आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून आत पाहायला लावले. वरच्या तांब्याच्या पत्र्यांत काजळी ठासून भरली होती, म्हणजे बंबाची नळीच तुंबली म्हणा ना! खाली जिथे गॅस आणि हवा मिसळतात त्या नळ्यांत कोळ्यांनी घरे केली होती. आमचा गिझर होळीनंतर बंद होतो तो दिवाळीलाच चालू होतो. एवढे महिने कोळ्याला कोण उठवणार? फिटर म्हणाला, "काकू, आगीचा रंग पिवळा दिसत नव्हता का?" दिसत होता. त्या छोट्या काचेतून मी तो रोज पाहत होते आणि समईसारखा छान दिसतो असे म्हणत होते. नीट जळणाऱ्या गॅसची ज्योत निळी असते. स्वयंपाकाच्या शेगडीपाशी हे मला ठाऊक होते, पण न्हाणीघरात आठवले नाही.

गिझर आता मागच्या पडवीच्या भिंतीवर, वारा-पाऊस लागणार नाही अशा मोकळ्या जागी आहे. न्हाणीघरात येते ती फक्त पाण्याची नळी. नवरात्र संपले की फिटर येतो. टाकी बंद करून झाकण काढतो, मऊ ब्रशने पत्रे आणि बर्नर झाडतो, पाणी आत येते तिथली बारीक जाळी धुतो. आमचे विहिरीचे पाणी जड, त्यामुळे तांब्याच्या नळीत क्षार धरतात. ते तो आंबट द्रावण फिरवून काढतो. रबरी नळी पाच वर्षे झाली की बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. जोडांना साबणाचा फेस मी स्वतः लावते, बुडबुडा आला की गळती समजावी. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण खाली-वर करू नये, टाकी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि तिथून 1906 ला फोन लावावा. होळीनंतर सेल मी काढून ठेवते, नाहीतर ते आतच पाझरतात.

आणि दर शनिवारी, जुन्या सवयीने म्हणा, मी तोटी सोडून ज्योतीचा रंग पाहून येते. सून हसते. म्हणते, "आत्याबाई, आता तर तो बाहेर आहे." मी तरी पाहते.

झरोका उघडाच आहे. खिळ्यांची चार भोके अजून दिसतात. पौषात तिथून गार वारा येतो, नातू कुडकुडत ओरडतो, "आजी, हे बंद कर ना!" मी त्याला सांगते, दोन तांबे भराभर ओत आणि बाहेर ये, चुलीपाशी टॉवेल ऊन करून ठेवला आहे.