आख्यानाला रात्र हवी

कंधारच्या शेजारी, लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. वाघ्या-मुरळी, गोंधळी, तमाशाचे फड, कुस्ती, जनावरांचा बाजार. लावणी महोत्सवाला तर तोबा गर्दी. पण लोककला म्हटली की आपण ताल तेवढा पाहतो. गोष्ट मागे राहते. गोंधळात संबळ-तुणतुण्याइतकंच आख्यान महत्त्वाचं: नायक कथा सांगतो, साथीदार मधेच शंका काढतो, हसवतो, आणि जांभूळ आख्यानासारखी कथा रात्रभर चालते. परभणीच्या गोंधळी राजारामबापू कदमांनी ती रंगमंचावरही जिवंत ठेवली. महोत्सवात आख्यानाला दहाच मिनिटं मिळाली, तर यातलं काय उरणार?

चुरशीतून परंपरा टिकू शकते, हे वेल्समध्ये दिसतं. तिथे इंग्रजीच्या दडपणाखाली भाषा टिकवताना लोकांनी गाणं, काव्य आणि स्पर्धा एकत्र बांधली. १८६१ पासूनचा त्यांचा राष्ट्रीय ‘आयस्टेडफॉड’ हा काव्य-गायन स्पर्धांचा महोत्सव आज वेल्श भाषेतच भरतो. कुणी म्हणेल, तिथले बार्डांचे, म्हणजे कवींचे, विधी इओलो मॉर्गनुग नावाच्या गृहस्थाने १७९२ मध्ये चक्क रचले होते. रचले असतील! लोकांनी ते आपले मानले, हे महत्त्वाचं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: गोंधळ हे कुलाचाराचं विधिनाट्य, त्याची स्पर्धा कशी लावणार? विधीची लावूच नये. पण कथनाची चुरस आपल्याला परकी नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आणखी काय होते? पुरस्कार कितीही द्या, ऐकणारा बसला नाही तर कथा आखडते. म्हणून माळेगावच्या आयोजकांना एवढंच सांगणं: यात्रेतली एक अख्खी रात्र आख्यानाला द्या, आणि ते पूर्ण ध्वनिमुद्रित करून ठेवा.