सशांना स्थळ

निवारागृहातून सशांची एक जोडी आमच्या घरी चार दिवसांकरिता म्हणून आली, त्याला तीन महिने लोटले. तेव्हापासून आम्ही वधूपित्याच्या चिकाटीने स्थळे पाहत आहोत. कुत्र्यामांजरांना घर मिळते; ससा मात्र साऱ्यांना हवा असतो तो घटकाभर कुरवाळण्यापुरता!

आलेल्यांना आम्ही प्रथम आयुर्मान सांगतो : ८ ते १२ वर्षे. निम्मे तेथेच उठतात. उरलेले गाजरांची गोष्ट काढतात. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावयाचे तर दिवसभर वाळलेले गवत हवे, गाजर ही केवळ मिठाई, हे त्यांना समजावून सांगावे लागते. "नाहीच जमले, तर शेतात सोडून देऊ," असे एका गृहस्थांनी मोठ्या उदारपणे सुचविले. आपल्या माळावरचा ससा निराळा. हा युरोपातल्या रानसशाचा पाळीव वंशज. त्यातून पांढराशुभ्र! पहिल्याच दिवशी घारीच्या नजरेस पडायचा. गृहस्थांना आम्ही चहा दिला, ससे दिले नाहीत.

वास्तविक अशी परीक्षा घेण्याचा आम्हांला काय अधिकार? वीस वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टाखातर आम्हीही बाजारातून ससा आणला होता. पिंजरा आणि गाजरे, एवढाच त्याचा संसार. त्याने खाणे सोडले, तेव्हा रुसला असेल म्हणून आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

काल एक शिक्षिका आल्या. सशांना उचलून न घेता त्या अर्धा तास जमिनीवर नुसत्या बसून राहिल्या. शेवटी मादीच त्यांच्या पदराशी आली. रविवारी जोडी जाईल. सौभाग्यवतींनी गवताची पेंढी बांधून ठेवली आहे. आमच्याशी मात्र त्या कालपासून बोललेल्या नाहीत.