पोटातली तार

अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणारा घाट हे माझ्या कामातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र आहे. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांत गाय दाखवायला बोलावलं आणि शंका आली, की मी तिला आधी उतारावरून चालवून बघतो. पोटात तार रुतलेली गाय चढ कशीबशी चढते, उताराला मात्र थबकते. उतरताना पोटातला सगळा भार पुढे छातीच्या पडद्यावर येतो आणि टोक आणखी आत जातं. पाठ वर उचललेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकलेली, मान पुढे ताणलेली. धनी दावं ओढतो, ती एक पाऊल टाकते आणि कण्हते. तो आवाज एकदा कानात बसला की पुढे कुठल्याही गोठ्यात ओळखू येतो.

आज हे लिहायला बसलो, कारण टेबलावर एका मेटल डिटेक्टरचं माहितीपत्रक पडलं आहे. किंमत ४५ हजार. विकणारा दोनदा फोन करून गेला. माझ्याकडे जे यंत्र आहे, ते देवळाच्या दारात पहारेकरी अंगावरून फिरवतात तसलं, हातभर काळं दांडकं. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात घेतलं तेव्हा ते औरंगाबाद होतं. बदलावं का, हा प्रश्न मनात बरेच दिवस आहे.

लोखंड शोधायचं पहिलं साधन मी आजीच्या हातात पाहिलं. बिघडलेल्या कर्ण्यातून काढलेलं गोल चुंबक ती चिंधीत बांधून ठेवायची. गोधडी शिवताना सुई हरवली, की सगळं काम थांबे. चुंबक सारवलेल्या जमिनीवरून, गोधडीच्या घड्यांवरून, शेवटी गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत फिरायचं. सुई मिळेपर्यंत म्हशीला वैरण पडायची नाही. आजी अक्षरशत्रू होती, पण सुई गुरांच्या पोटात गेली तर काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. परभणीला पशुवैद्यकीय शिकायला गेलो तेव्हा तेच पुस्तकात सापडलं.

गाय चारा ओठांनी निवडत नाही. जिभेने घास ओढते, जेमतेम चावून गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे घासात काय आलं हे तिला कळत नाही. गिळलेलं लोखंड जड म्हणून पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जालिकेत जाऊन पडतं. हा कप्पा साधारण मिनिटाला एकदा आवळतो. प्रत्येक आवळणीबरोबर खिळा किंवा तार थोडी पुढे सरकते. पुढे छातीचा पडदा आहे आणि पडद्यापलीकडे अवघ्या काही सेंटिमीटरवर हृदय. तिथवर टोक पोचलं, की हृदयाभोवती पू साठतो, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात, गळ्याखाली पाणी उतरतं. मग माझ्या पिशवीतलं काहीच कामाचं राहत नाही.

हे लोखंड येतं कुठून, हे गावोगाव फिरणाऱ्याला विचारावं लागत नाही. घर बांधताना सळयांना गुंडाळलेल्या तारेचे तुकडे उकिरड्यावर पडतात. टायर जाळले की रबर जातं, आतली बारीक तार उरते. कडबा कुट्टीच्या यंत्रात तार गेली तर तिचे सुईएवढे तुकडे होतात, आणि असे तुकडे अख्ख्या तारेपेक्षा वाईट. पोळ्याला बैलांच्या शिंगांना, झुलीला लावलेली तारेची फुलं दुसऱ्या दिवशी शेणात तुडवली जातात. ज्या दिवशी गुरांना पुरणपोळी भरवतो, त्याच दिवशी त्यांच्या वाटेत तार टाकतो, याचं मला दर वर्षी नव्याने वाईट वाटतं.

परभणीतच मी पहिल्यांदा गायीच्या पोटाशी मेटल डिटेक्टर धरलेला पाहिला. नंतर वाचलं, की या यंत्राचा एक अगदी सुरुवातीचा प्रयोग माणसाच्या शरीरावरच झाला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना जुलै १८८१ मध्ये गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. कॉइलमधून वीज जाते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जवळ धातू आला की ते क्षेत्र ढळतं आणि आवाज होतो. तत्त्व आजही तेच आहे. पण रोग्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बेलना फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफील्ड गेले, शवविच्छेदनात ती सापडली.

ही हकिगत मी कधी विसरत नाही, कारण आमच्या गोठ्यांचे पत्रे म्हणजे त्या स्प्रिंगाच. पत्र्याच्या भिंतीजवळ यंत्र धरलं की ते ओरडत सुटतं. गळ्यातली साखळी, घुंगरं, बैलाच्या खुराला ठोकलेली पत्री, सगळ्यांना ते सारखाच आवाज देतं. म्हणून आधी जनावर बाहेर मोकळ्यावर आणायचं, साखळी सोडून सुती दावं बांधायचं, मग डाव्या कोपरामागे, छातीच्या हाडाच्या टोकाशी यंत्र हळू फिरवायचं. गोठ्यातली सगळी माणसं तेव्हा श्वास रोखून उभी असतात. ‘डॉक्टर, मशीन काय म्हणतंय?’ हा प्रश्न ठरलेला.

मशीन फक्त एवढंच म्हणतं, की धातू आहे. आणि धातू पुष्कळ धडधाकट गायींच्याही पोटात असतो. नट, बोथट खिळा, नाणं जालिकेत वर्षानुवर्षं पडून राहतं, गाय दूध देते, गाभण जाते. म्हणजे आवाज आला तरी गाय तारेनेच आजारी आहे असं ठरत नाही, आणि नाही आला तरी ती सुटली असं नाही. शहराकडच्या मोकाट गायींच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा भरलेला असतो, तिथे यंत्र मुकंच राहतं. निदान करायचं ते उताराने, खांद्यामागची कातडी चिमटीत धरून पाठ वाकवते का ते बघून, दोघांनी छातीखाली दांडा धरून उचलल्यावर ती कण्हते का ते ऐकून. मशीन साक्षीदार आहे, निवाडा करत नाही.

निवाडा झाला की पोट उघडावं लागतं. गाय उभीच असते. डावी कूस बधिर करून छेद घ्यायचा, मोठ्या कप्प्यातला अर्धवट मुरलेला चारा काढायचा आणि खांद्यापर्यंत हात आत घालून पुढे जालिकेत न्यायचा. आत ऊब असते, अंधार असतो, बोटांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी लागते. एकेक खण चाचपत जायचं. कुठेतरी जाळी आवळलेली, चिकटलेली लागते, आणि मग टोक. ते सरळ ओढायचं नसतं, गेलं त्याच वाटेने उलटं काढायचं. तार बाहेर आली की धन्याच्या हातावर ठेवतो. माणसं ती जपून ठेवतात. एका घरात अशी तार देव्हाऱ्याखालच्या फळीवर पाहिली आहे.

या यंत्राने माझ्याकडे आणखी एका जातीची माणसं आणली, तीही सांगायला हवीत. रात्री, मागच्या दाराने, हळू आवाजात. ‘डॉक्टरसाहेब, एक रात्र मशीन द्या.’ इथून जवळच असईच्या शिवारात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली, इंग्रजांचे जखमी अजिंठ्याच्या किल्ल्यात आणले गेले. त्यामुळे पळत्या फौजांनी पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी या भागात पिढ्यानपिढ्या चालतात. मी नाही म्हणतो, आणि का नाही तेही सांगतो. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासूनचा आहे. गुप्तधनापायी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्यापेक्षा मला भीती वाटते ती त्या माणसांच्या डोळ्यांची. गुप्तधनाच्या नादात शेत विकलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे गोठे ओस पडले आहेत.

आता त्या ४५ हजारांच्या यंत्राकडे येतो. माहितीपत्रक मी नीट वाचलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं, की हे यंत्र या रात्री येणाऱ्या माणसांसाठीच बनलं आहे. त्याचा पहिला गुण म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा गोंगाट ते गाळतं. आमचा सगळा डोंगर बेसाल्टचा, लेणी कोरली तो खडकही तोच. त्यात चुंबकीय खनिज असतं, साधं यंत्र इथल्या जमिनीवर बडबडत राहतं. शेतात फिरणाऱ्याला हा गुण मोलाचा आहे, गायीच्या पोटात तो काय करणार? दुसरा गुण म्हणजे ते लोखंड ओळखून वगळतं आणि सोनं, चांदी, तांबं तेवढं सांगतं. मला तर नेमकं लोखंडच हवं आहे! ती सोय बंद करता येते, पण पैसे तिचेच द्यायचे.

एक गुण मात्र खरा आहे. ते खोलवर बघतं. भारी म्हशीची छाती जाड असते, तिथे माझं दांडकं अपुरं पडतं हे मी जाणतो. पण खोल बघायला कॉइल मोठी लागते, आणि कॉइल मोठी झाली की बारीक वस्तू निसटते. कुट्टीतला सुईएवढा तुकडा, जो सर्वांत घातक, तोच हुकण्याची शक्यता. शिवाय खोलवरचा धातू सापडला तरी उत्तर तेच मिळणार, की धातू आहे. टोचतो आहे का, हे त्यालाही सांगता येणार नाही. आणि ४५ हजार शेवटी निघतील ते तपासणीच्या पैशांतून, म्हणजे एकेक गाय असलेल्या बायांच्या डेअरीच्या पगारातून.

म्हणून ठरवलं, यंत्र घ्यायचं नाही. त्या रकमेत बोटभर लांबीची, गुळगुळीत, पोटात द्यायची चुंबकं निदान शंभर जनावरांना पुरतील एवढी येतात. वर्षाच्या पुढच्या कालवडीला उपाशीपोटी एक दिलं, की ते जालिकेत बसतं आणि जन्मभर राहतं. पुढे गिळलेली तार त्याला चिकटते, टोक भिंतीत घुसायचं बहुधा टळतं. तांब्याला, ॲल्युमिनियमला, प्लॅस्टिकला त्याचा उपयोग नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. देण्याआधी छातीशी होकायंत्र धरायचं. सुई फिरली तर चुंबक आधीच आत आहे, दुसरं द्यायचं नाही. कुट्टी यंत्रवाल्यांनाही वैरण पडते त्या तोंडाशी चुंबकाची पट्टी बसवा म्हणून सांगतो आहे. दोघांनी बसवली, बाकीच्यांच्या मागे लागलो आहे.

पहिली चुंबकं आली तेव्हा लेणापूरच्या वाटेवरच्या एका आक्कांकडे गेलो. त्यांची एकुलती गाय मागे याच दुखण्याने गेली, आता तिची कालवड आहे. चुंबक हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केलं, दाराच्या कडीला चिकटवून पाहिलं.

‘हे पोटातच राहणार?’

‘कायमचं, आक्का.’

‘मग एक शेजारच्या वासरीलाही द्या,’ त्या म्हणाल्या. ‘दोघी एकाच उकिरड्यावर चरतात. पैसे मी देते.’