मेजावरचा टीकाकार

माझ्या मेजावर संगणकाच्या माऊसखाली जे पॅड असते, त्यावर एका तरुण इंग्रज गृहस्थाचे व्यंगचित्र छापलेले आहे. लंडनला शिकावयास गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने, गुरुजींना नाटकाचा नाद आहे हे स्मरून, ते मला भेट दिले. चित्राखाली तीन अक्षरांचे नाव आहे: मॅक्स.

हे मॅक्स बीअरबोम. ‘व्हॅनिटी फेअर’ नावाचे एक साप्ताहिक लंडनमध्ये १८६८ पासून १९१४ पर्यंत निघत असे. त्यात नामांकित माणसांची रंगीत शिळाछापाची व्यंगचित्रे येत. डिसेंबर १८९७ मध्ये मॅक्स यांची पाळी आली. चित्रकार वॉल्टर सिकर्ट यांनी ‘सिक’ या सहीने ते काढले. मौज अशी की, मॅक्स स्वतःच व्यंगचित्रकार होते. पंचवीस सद्गृहस्थांची त्यांनी उडविलेली रेवडी आदल्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली होती. दुसऱ्यास हसणाऱ्याने स्वतःचे चित्रही काढू द्यावे, हे मला न्याय्य वाटते.

त्या काळी आपले आजे-पणजे रत्नागिरीकडून येऊन इथल्या उसाच्या मळ्यांत राबत होते. लंडनच्या नाटकांचे त्यांना काय होय! तरीही या माणसाची पुढील हकिगत आपल्या मंडळींनी ऐकण्याजोगी आहे.

मे १८९८ मध्ये बर्नार्ड शॉ यांच्या जागी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चे नाट्यटीकाकार म्हणून मॅक्स यांची नेमणूक झाली. वय अवघे पंचवीस. आपण नाट्यटीकाकार का होऊ नये, हाच त्यांच्या पहिल्या लेखाचा विषय! अडचण खरीच होती. त्यांचे सावत्र बंधू हर्बर्ट बीअरबोम ट्री हे लंडनचे बडे नट आणि नाटकमंडळीचे चालक. १८९७ सालीच त्यांनी स्वतःचे भव्य नाट्यगृह उघडले होते. घरातच नट, आणि आपण टीकाकार! तरी मॅक्स यांनी १९१० पर्यंत ते काम केले.

आपल्या मॉरिशसमध्ये तर प्रत्येक नटाच्या घरी टीकाकार आणि प्रत्येक टीकाकाराच्या घरी नट. मराठी नाटक बघावयास येतात ते मामा, काकी, शेजारी. पडदा पडला की टाळ्या, मग चहा, आणि ‘फार छान झाले’. कोणी वाईट बोलत नाही. पण कोणी काही बोलतही नाही. परभाषेतल्या माणसाच्या कौतुकासारखे ते कौतुक वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या पत्रकात मी लिहिले की, नायिकेचे शब्द तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू गेले नाहीत आणि ‘ळ’ व ‘ण’ यांचा उच्चार सबंध नाटकात कोणालाच नीट साधला नाही. नायिका माझी भाची. ताई गणपतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे असे की, घरात क्रिओल बोलणारी मुले रोमन लिपीत संवाद लिहून पाठ करतात, हेच पुष्कळ. त्यांना बोल लावलास तर पुढच्या वर्षी रंगमंचावर येईल कोण? या प्रश्नाचे पक्के उत्तर मजजवळ अजून नाही. परंतु जी भाषा चुकली तरी कोणास खटकत नाही, ती आपण बोलतो आहोत की नुसती मिरवतो आहोत, हे मी ताईला विचारलेच.

भाची मात्र पुढच्याच रविवारी नाटकाची वही घेऊन आली. ‘मामा, कमळ कसे म्हणायचे ते दाखवा.’ जीभ टाळूकडे कशी वळवावी, हे आरशासमोर बसून आम्ही तासभर पाहिले. ‘कमल’ काही लवकर सुटेना. आता ‘कमळ’ येते. ‘बाण’ अजून ‘बान’च आहे. या खेपेस मी शेवटच्या रांगेत बसणार आहे, हे तिला सांगून ठेवले आहे. ताई पहिल्या रांगेत बसेल.