आप्पा, अडीच इंचीच टाकला

प्रिय आप्पा,

तुम्ही एकदाच का बोललात? दुसऱ्यांदा बोलला असतात, चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असतीत, तरी चाललं असतं. पण तुम्ही साक्रीहून एस.टी.नं जळगावला आलात, पिशवीतून हातभर पाइपाचा तुकडा काढून माझ्या टेबलावर उभा ठेवलात आणि म्हणालात, "अडीच इंची टाक. पानीले वाट जोयजे." मग बशीत ओतून चहा घेतलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

मी हसलो होतो. ते तुम्हाला दिसलं होतं ना?

विश्वेश्वरय्यांची गोष्ट मात्र तुम्ही शंभरदा सांगितलीत. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेला तो नवा इंजिनिअर, मुक्काम धुळे, आणि पांझरेच्या पाटावर त्यानं बसवलेला नळाचा सायफन. पांझरा जणू तुमच्या घरचीच, अशा थाटात सांगायचात. तेव्हा आम्ही पोरं जांभया द्यायचो. मग पाइपाची गोष्ट एकदाच का?

तुम्हाला तर सगळं अंगावर बेतून माहीत होतं. विहिरीपासून लांबच्या वावरापर्यंत तुम्ही आधी बारीक लाइन टाकली होती, आणि शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत लाइट जायची. पुढच्या उन्हाळ्यात सगळी चारी पुन्हा उकरलीत. मी दहा वर्षांचा होतो, सोल्युशनचा डबा माझ्या हातात. तुम्ही पाइप पुसायचा, मी ब्रश फिरवायचा, तुम्ही दाबून पाव वळसा द्यायचा आणि मनात तीसपर्यंत मोजायचं. हात सोडायचा नाही. त्या वासानं माझं डोकं दुखायचं, पण तक्रार केली नाही, कारण दुपारी विहिरीत पोहायला मिळायचं. कमरेला दोर तुम्हीच बांधायचात. ढकलायचातही तुम्हीच.

त्या विहिरीपायीच तर तलावाचं खूळ डोक्यात आलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास, पोरं घरात कोंडलेली, आणि आता विहिरीत उतरवायला जीव धजत नाही. म्हणून शेतात ४० बाय २० फुटांचा तलाव बांधला. लाखभर लिटर पाणी. ते सहा तासांत एकदा गाळणीतून फिरायचं, म्हणजे तासाला जवळजवळ १७ हजार लिटर. पंपाचा आवाज नको म्हणून पंपघर शंभर फूट लांब, ही अक्कल माझी. आणि एवढं सगळं दीड इंची पाइपातून. ठेकेदार म्हणाला, "साहेब, चालतं." मला स्वस्त उत्तर हवंच होतं.

नाही चाललं. पायऱ्यांखालच्या कोपऱ्यात शेवाळ धरायचं, क्लोरिन तिथवर पोचायचंच नाही. तुरटी टाकून पाहिली. मग एका अश्वशक्तीचा पंप काढून दोनचा बसवला. तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असतात. पंपात गिट्टी चाळल्यासारखा आवाज, काचेच्या झाकणाखाली उकळी फुटल्यासारखे बुडबुडे. पंप ओढत होता, पाइप देत नव्हता. वीजबिल तेवढं न चुकता वाढलं.

मग एका रात्री हिशेब मांडला. आपली दीड इंची म्हणजे बाहेरून ५० मिलिमीटर, अडीच इंची ७५. व्यास दीडपट, तोंड सव्वादोनपट. पण तेवढंच पाणी न्यायला होणारं घर्षण? साधारण सातव्या हिश्श्यावर येतं, आप्पा! व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातानं कमी होतं ते. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. तुम्ही सातवी नापास. तुम्हाला हे उकरलेल्या चारीनं शिकवलं.

बरं, मी राहतो कुठे? भवरलाल जैनांच्या जळगावात! ट्रक भरभरून पाइप जिथून देशभर जातात, त्या गावात मी पाइपात कंजुषी केली. लाज वाटते सांगायला.

या दिवाळीनंतर फरशी फोडली. फोडायला आणि परत बसवायला जे गेलं, त्याच्या पावपटीतही तेव्हा मोठा पाइप आला असता. पंपाकडे ओढणारी आणि परत येणारी, दोन्ही लाइनी अडीच इंची केल्या. काटकोनी एल्बो जमतील तिथे काढून लांब बेंड घातले. दोनचा पंप उतरवला, जुना एकचाच चढवला. बटण दाबलं. झाकणाखाली आधी थोडा फेस आला, मग एकेक बुडबुडा सुटत गेला, आणि झाकण इतकं स्वच्छ झालं की पंप बंद पडला असं वाटून मी त्यावर हात ठेवला. चालू होता.

पाचव्या दिवशी पायऱ्यांखालची फरशी दिसली. धाकटीनं तळाशी पडलेलं रुपयाचं नाणं काठावरून ओळखलं. तुम्हाला फोन लावायला हात खिशाकडे गेला, आप्पा. गेल्या श्रावणातच तुम्ही...

असो.

एक सांगायचं राहिलं. परतीच्या लाइनीत शेवटी हातभर पाइप कमी पडला. फिटर बाजारात निघाला होता. मी म्हटलं, थांब. टेबलावरचा तुमचा तुकडा आणला, इतकी वर्षं त्यात मी पट्ट्या आणि पेनं ठेवत होतो. फिटर म्हणाला, जुना आहे साहेब. म्हटलं, बसतो का बघ. बसला. सोल्युशन मीच लावलं, पाव वळसा दिला, तीसपर्यंत मोजलं.

वरून आता फरशी झाली आहे.

तुमचा,
बाळू