प आणि उकार यांच्यामधली गुंज

'पुन्हा' हा शब्द मी दिवसातून कितीदा लिहीत असेन, कुणास ठाऊक. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत तो लिहायचा तर आधी उजवी तर्जनी इंग्रजी एचच्या कळेवरचा 'प' दाबते आणि लगोलग डावी तर्जनी जीच्या कळेवरचा उकार लावते. आपापल्या घरातून एकेक पाऊल पुढे टाकून दोघी फुगडीला हात द्यावा तशा समोरासमोर येतात. माझ्या कीबोर्डवर त्यांच्या बरोबर मध्ये, 'व'च्या डोक्यावर, एक लाल खुंटी उभी आहे. असेल शिसपेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढी. पण काळ्या कळांच्या गर्दीत तो तांबडा ठिपका दिसला की मला गुंज आठवते.

लहानपणी गावच्या सोनाराकडे पितळी डबीत गुंजा पाहिल्या होत्या. तांबडंलाल अंग आणि टोकाशी काळा डाग. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज एका पारड्यात नुसती बसून असायची आणि पलीकडचं पारडं तिच्या म्हणण्याप्रमाणे वर-खाली व्हायचं. माझी खुंटीही तशीच बसून असते. बोटाने रेटलं की पडद्यावरचा बाण धावतो. ती मात्र जागची हललेली डोळ्यांना दिसत नाही.

टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी हातांना घर दाखवतात. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, अंधारात घराचा उंबरठा पायाला लागावा तसे ते बोटांना लागतात. सगळी बोटं तिथून निघतात आणि तिथेच परततात. टंकयंत्राच्या काळात हे घर मोडलं नाही. ओळ संपली की गाडी ढकलायला डावा हात वर जायचा, पण तेव्हा वाक्यही श्वास घेतच असायचं. माऊस आला आणि उजव्या हाताला वीतभर अंतरावर दुसरं बिऱ्हाड झालं.

गंमत अशी की माऊस ज्याने कल्पिला, त्याच्या मनात हे असं नव्हतं. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेतून बिल इंग्लिशने 1964 साली लाकडी खोक्यात पहिला माऊस बांधला. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने तो सगळ्यांना दाखवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा संच होता. पेटीवर स्वरांचा मेळ धरावा तशा दोन-तीन पट्ट्या एकदम दाबायच्या आणि त्यातून अक्षर उमटवायचं. उजवा हात माऊसवर, डावा पट्ट्यांवर. छोट्या कामांसाठी कुणी कुठे जायचं नाही. जगाने माऊस उचलला आणि पाच पट्ट्या तिथेच सोडल्या. मग उजव्या हाताचं जे व्हायचं तेच झालं. दोन घरचा पाहुणा उपाशी.

या उपासाचा हिशेब टेड सेल्कर या संशोधकाच्या डोक्यात बसला. हात कीबोर्डवरून माऊसकडे न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि परत आणायला जवळजवळ तेवढाच, हे त्याने वाचलं होतं. पाऊण सेकंदात काय एवढं? पण लिहिणाऱ्याला विचारा. तोंडात आलेला शब्द तेवढ्यात गिळला जातो. सेल्करने पुढे आयबीएममध्ये जोसेफ रटलेजबरोबर याच्यावर काम केलं आणि कळांच्या मधल्या बेचक्यात एक काडी रोवली, म्हणजे हीच खुंटी. माऊस जितका सरकवू तितका बाण सरकतो, अंतराला अंतर. काडीचा व्यवहार वेगळा. तिच्या बुडाशी ताण मोजणारे संवेदक असतात. रेटा जितका, बाणाचा वेग तितका.

'तितका' म्हटलं खरं, पण ते सरळ प्रमाण नाही, आणि या दोघांची खरी कारागिरी त्यातच आहे. अगदी हलका स्पर्श काडी मनावर घेत नाही. थोडा रेटा दिला की बाण मुंगीच्या पावलाने चालतो आणि रेटा जरासा कमी-जास्त झाला तरी तीच चाल धरून राहतो, म्हणजे दोन अक्षरांच्या मध्ये त्याला नेमका उभा करता येतो. आणखी रेटलं की तो पळतो, पण डोळ्याला पाठलाग जमेल इतकाच. त्याहून वेगाने पळून उपयोग काय? नजर मागे राहिली तर बाण हरवलाच. बोटाचं बळ आणि डोळ्याचा आवाका यांची अशी सोयरीक जुळवल्यावर 1992 साली ही खुंटी आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपवर आली. रंगाचीही एक कथा सांगतात. कंपनीत लाल रंग यंत्र तातडीने बंद करण्याच्या बटणासाठी राखून ठेवलेला होता, म्हणून या टोपीचा रंग कागदोपत्री मॅजेंटा म्हणून मंजूर करून घेतला आणि मग ती हळूहळू लालच होत गेली.

लॅपटॉपवर या खुंटीची मला सवय लागली. पण लॅपटॉपच्या कळा पापडासारख्या. बोट टेकेस्तोवर तळ लागतो. मला हवा होता मेकॅनिकल कीबोर्ड, ज्याच्या प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते आणि अक्षर उमटल्याची पोच बोटाला आणि कानाला दोघांनाही मिळते. दोन्ही सुखं एकत्र नांदलीच नाहीत असं नाही. 1990च्या दशकात आयबीएमच्या वजनदार, खटखटणाऱ्या मॉडेल एम घराण्यात एम13 नावाचा खुंटीवाला कीबोर्ड निघाला. तैवानच्या टेक्सने आपल्या योदा आणि शिनोबी कीबोर्डांत ती बसवली, 2023 मध्ये जपानच्या पीएफयूनेही हॅपी हॅकिंग स्टुडिओत बसवली. पण मला हात खराब करून घ्यायची हौस.

म्हणून एका शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. जुने लॅपटॉप खोलून बसलेल्या काकांना खुंटी असलेला कीबोर्ड मागितला. "चालू नाहीये हो तो," ते म्हणाले. म्हटलं, "कळा नकोत काका, फक्त मधलं ते लाल हवंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फुलातला नुसता पराग मागायला आलेलं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

घरी आल्यावर कळलं की मेकॅनिकल कीबोर्डात जागा शोधणं म्हणजे चाळीतल्या खोलीत आणखी एक खाट टाकणं. कळांची मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंतची अंतरं 19.05 मिलिमीटर, पत्र्यात प्रत्येक स्विचसाठी 14 मिलिमीटरचं चौकोनी भोक. उरतो पाच मिलिमीटरचा बांध. त्या बांधावर, तीन स्विचांच्या शेजारात, भोक पाडायचं. संवेदक पाटीखाली ठेवला तर खुंटीचा दांडा लांब करावा लागतो, आणि दांडा लांब झाला की तरफेच्या नियमाने तेवढ्याच रेट्याचा ताण बुडाशी वाढतो. खुंटी हळवी होते. फुंकरीने बाण उडू लागला, तेव्हा कीबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये शिरून तिची संवेदनशीलता उतरवावी लागली. जी, एच आणि बी या तिघींच्या टोप्या कानसेने कोपऱ्यात चंद्रकोरीसारख्या कोरल्या. वीज, जमीन, डेटा, क्लॉक, रिसेट अशा पाच केसांएवढ्या तारा डागल्या. रिसेटची तार नीट लावली नाही तर कीबोर्ड चालू करताना खुंटी जागीच होत नाही. एक छोटा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर मिळून तिला रोज उठवतात.

सगळं जोडून झाल्यावर पहिला शब्द 'पुन्हा' लिहिला आणि तेव्हा लक्षात आलं, ही बसली आहे कुठे. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आलेली ही मांडणी करणाऱ्यांच्या मनात ही खुंटी असण्याचं कारण नाही, आणि खुंटी रोवणाऱ्यांच्या मनात देवनागरी. तरी ती नेमकी स्वर आणि व्यंजनांच्या शिवेवर उभी आहे. शिवेवरच्या दगडाला आपण शेंदूर लावतो. हा दगड शेंदूर लावूनच आला.

आता हात घर सोडत नाहीत. पण खुंटीची एक खोड आहे. कधी कधी बोट उचललं तरी बाण आपला एका बाजूला घरंगळत राहतो. कारण असं, की रेटा नसणं म्हणजे नेमकं काय, हे ती अधूनमधून नव्याने ठरवत असते. बोट बराच वेळ एकाच बाजूला टेकून राहिलं तर त्या भारालाच ती विसावा समजते. मग खरोखर मोकळी झाली, की तिला वाटतं कुणीतरी उलट ढकलतंय. अशा वेळी आपण चिडून बाण मागे ओढतो आणि गोंधळ वाढतो. इलाज एकच: हात पूर्ण उचलायचे, दोन-तीन सेकंद काही करायचं नाही. तिला तिचं शून्य सापडतं.

आमचा सोनार तराजू उचलला की बोलणं थांबवायचा. पारडी डुलत असेपर्यंत गुंजेला हात लावायचा नाही, काटा आपला आपण उभा राहू द्यायचा.

पाऊण सेकंद वाचवायला केवढा खटाटोप केला, आणि आता दिवसातून दोनदा-तीनदा हात हवेत धरून तीन-तीन सेकंद बसतो. 'प' लिहून झालेला असतो, उकार लागायचा असतो. बाण घरंगळत घरंगळत मंदावतो, थांबतो. मग डावी तर्जनी खाली येते आणि शब्द पुढे जातो: पुन्हा.