गल ते गोल्फ

लातूर आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात घालण्याचं धाडस माझ्याआधी कुणी केलं असेल, तर त्या सद्‌गृहस्थांना मला एकदा भेटायचं आहे. गोल्फला लागतं हिरवंगार गवत आणि गवताला लागतं पाणी. आमच्या गावाला २०१६ च्या एप्रिलात प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. जिथं पाण्यालाच पाहुण्यासारखं गाडीतून उतरवून घेतात, तिथं 'मी खेळायच्या गवताला पाणी घालतो' असं म्हणणाऱ्याची लोकांनी वरातच काढली असती! बरं, इतिहासही आमच्या बाजूचा नाही. कलकत्त्याला गोल्फ क्लब निघाला १८२९ साली आणि लातूर जिल्हा निघाला १९८२ साली. म्हणजे आम्ही मुळातच दीडशे वर्षं मागं.

तरीही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी गोल्फ शिकलो. शिकलो म्हणजे, शिकतो आहे. याला कारण आमचे जावई.

जावई पुण्याचे, संगणकातले. मुलीनं आपलं आपण जमवलेलं लग्न. मी नाही म्हणालो नव्हतो. पण हो म्हणायला दीड वर्ष लावलं होतं. बँकेत छत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे 'कागदपत्रं पूर्ण करून आणा' हा माझा स्वभावच होऊन बसला होता. लग्न झालं, पण त्या दीड वर्षाचं व्याज चालूच राहिलं. आम्हा दोघांतलं सगळं संभाषण चार वाक्यांत उरकायचं. 'प्रवास कसा झाला?' 'बरा झाला.' 'तिकडं पाऊस?' 'नाही.' लातूरच्या माणसाला यातलं शेवटचं उत्तर बाराही महिने बदलावं लागत नाही, ही एक सोय. त्यानंतर ते मोबाईलकडे बघायचे आणि मी पंख्याकडे.

मुलीला हे बघवेना. एकदा पुण्याला गेलो असता ती म्हणाली, "बाबा, उद्या यांच्याबरोबर गोल्फला जा. चार तास लागतात." त्यातलं 'चार तास' तिनं जरा जोरात म्हटलं.

गेलो. तिथं पहिला गोंधळ शब्दांचा. त्या जागेलाही क्लब म्हणतात आणि हातातल्या काठीलाही क्लब म्हणतात. नियमाप्रमाणे अशा चौदा काठ्या जवळ बाळगता येतात. एवढ्याशा पांढऱ्या चेंडूला मारायला चौदा काठ्या! चेंडूचं वजन जास्तीत जास्त शेहेचाळीस ग्रॅम. म्हणजे आमच्याकडच्या एका मध्यम लिंबाएवढं. मला वाटलं, यात काय अवघड आहे? पळणारा चेंडू मारायचा क्रिकेटमध्ये. हा तर बिचारा वाट बघत पडलेला असतो.

मी काठी डोक्यावरून फिरवली आणि सगळी ताकद लावून हाणली. मोठा आवाज झाला. वाऱ्याचा. चेंडू जागेवर होता. दुसऱ्यांदा गवत उडालं, चेंडू होता तिथंच. जावई शांतपणे म्हणाले, "बाबा, हे सरावाचे होते ना?" मी म्हणालो, "अर्थात." हा माणूस सज्जन आहे अशी शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

पुढं एक गोष्ट वाचली आणि जरा धीर आला. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो-१४ मधून चंद्रावर गेलेल्या अ‍ॅलन शेपर्ड यांनी तिथं एका अवजाराच्या दांड्याला गोल्फच्या काठीचं टोक बसवून दोन चेंडू मारले. पहिल्या खेपेला त्यांचीही चंद्रावरची धूळच उडाली. शेवटचा चेंडू मैलोन् मैल गेला, असं त्यांनी तिथूनच जाहीर केलं. पुढं पन्नास वर्षांनी कुणीतरी जुने फोटो तपासून मोजमाप केलं, तर तो भरला चाळीस यार्ड! खेळाडू चंद्रावर गेला तरी थापा इथल्याच मारतो.

त्या चार तासांत मला जितका उपदेश मिळाला तितका मुंजीतही मिळाला नव्हता. जावई म्हणाले, डोकं खाली. त्यांचे मित्र म्हणाले, डावं कोपर सरळ. काठ्या वाहणारा पोऱ्या म्हणाला, काका, गुडघा. कोण खांदा, कोण कंबर, कोण मनगट! चेंडूपाशी उभा राहिलो की डोक्यात ग्रामसभा भरायची; ठराव एकही पास व्हायचा नाही आणि चेंडू झाडीत जायचा. घरी येताना गाडीत आम्ही दोघं पुन्हा गप्प. फक्त निघताना जावयांनी दोन जुन्या काठ्या आणि सहा चेंडू दिले. "लातूरला मारून बघा," म्हणाले. लातूरच्या गाडीत कंडक्टरनं त्या काठ्यांकडे बघून विचारलं, "बोअरचं सामान का?"

गावाबाहेर आमचं एक लहानसं शेत आहे. तूर काढून झाली होती. रान मोकळं होतं. तिथं मी सकाळी काठी फिरवायला लागलो. बांधापलीकडचा शेतकरी दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "साहेब, काय करूलालाव? साप हाय का?" मी खेळ म्हणून सांगितल्यावर तो आदरानं म्हणाला, "असू द्या. रिटायर झाल्यावर व्हतंय असं."

माझा उद्धार केला तो नांदेडहून आलेल्या आमच्या मेव्हण्यांनी. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. लातूर आणि नांदेड या दोन गावांत पोरांना परीक्षेला बसवण्याचा जो उद्योग चालतो, त्यात दोन्ही गावं मुरलेली. लातूर पॅटर्नचा मला अभिमान. त्यामुळे अण्णा आले की आमची एक चकमक ठरलेली. पण त्या दिवशी ते बांधावर बसून नुसते बघत राहिले. गोल्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वीस-पंचवीस फटके झाल्यावर म्हणाले, "दाजी, काय करायलाव ते कळंना मला. पण तुमचं चुकायलंय कुठं ते कळलं."

"कुठं?"

"तुम्ही पेपर लिहितानाच निकाल बघायलाव."

खरंच होतं ते. काठी चेंडूला लागायच्या आधीच माझी मान वर जात होती. कुठं गेला, किती गेला, शेजाऱ्यानं बघितलं का! जगातले मोठमोठे शिक्षक ज्याच्यावर पुस्तकं लिहितात ते अण्णांनी पाच शब्दांत सांगितलं, आणि त्यातही एक 'दाजी' फुकट घातला असता तरी सहाच झाले असते.

मग त्यांनी अभ्यासक्रम आखला. चार धडे, पाचवा नाही. पहिला धडा पकड: काठी हरभऱ्याच्या घाट्यासारखी धरायची, फुटायला नको आणि सुटायला नको. दुसरा पाय: खांद्याइतकं अंतर, नांगर धरताना उभं राहतो तसं. तिसरा नेम: आधी चेंडूच्या मागं उभं राहून कुठं मारायचा ती जागा नक्की करायची. "प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला." चौथा शेवट: फटका अर्ध्यात सोडायचा नाही, शेवटी तोल ठेवून उभं राहता आलं पाहिजे. नाही राहता आलं तर ताकद जास्त झाली असं समजायचं. आणि चेंडूपाशी गेल्यावर? "दोन श्वास घ्यायचे आन् मारायचा. तिथं उभं राहून अभ्यास करायचा नाही. परीक्षेच्या हॉलमधी कुणी पुस्तक उघडतंय का?"

"आणि हुकला तर?"

"तर पुढचा प्रश्न. मागच्या प्रश्नाचं रडगाणं पुढच्या पानावर लिहायचं नाही."

त्यांचा खरा शोध मात्र गणिताचा होता. मी त्यांना सांगितलं की, अठरा होलच्या मैदानाचा हिशेब साधारण बहात्तर फटक्यांचा असतो आणि त्यात प्रत्येक होलपाशी हळूच ढकलायचे दोन-दोन धरलेले असतात. अण्णा उसळलेच. "म्हणजे छत्तीस! बहात्तर मार्कांच्या पेपरात निम्मे मार्क गलीपाशी, आन् तुम्ही लांबच्या टोल्यावर दिवस घालवायलाव?"

गल! हा शब्द ऐकला आणि माझी पन्नास वर्षं गळून पडली. गोल्फ म्हणजे दुसरं काय हो? पहिला अर्धा खेळ विटीदांडूचा आणि दुसरा अर्धा गोट्यांचा. लहानपणी मी विटी कोलायचो तेव्हा कोपर सरळ आहे का ते कुणी विचारलं नव्हतं. टोला मारायचा आणि वकट, लेंड, मूंड, नाल करत अंतर मोजायचं. हे आकडे मुळात तेलुगू, हे मला अण्णांनीच सांगितलं. नांदेडला हद्दीपलीकडची तेलुगू कानावर असतेच. आम्ही गोट्या खेळायचो तेव्हा तीन हातांवरून गल कधी चुकत नव्हती. कारण चुकलं तर काय होईल, याचा विचार करायला आमच्याकडे वेळच नव्हता; मागं चार जण पाळीसाठी ओरडत असायचे.

गोल्फच्या होलचा व्यास असतो एकशेआठ मिलिमीटर. तेवढा डबा शोधत मी स्वयंपाकघरात शिरलो. पट्टी लावून लावून शेवटी मेतकुटाचा स्टीलचा डबा पसंत पडला. सौ. आधी कडाडली. पण मी एकशेआठ म्हटल्यावर थबकली. "जपमाळेचे मणी तेवढेच असतात," असं म्हणून तिनं मेतकूट बरणीत ओतलं. डबा अंगणात तुळशीपासून आठ पावलांवर पुरला. मग चालू झाला लातूर पॅटर्न: तोच प्रश्न, तेच उत्तर, रोज सकाळी शंभर वेळा. आधी तीन फुटांवरून, मग सहा. आठवडाभर मी चिडायचो. मग एक दिवस चेंडू डब्यात पडल्याचा 'टण्' असा आवाज ओळीनं अकरा वेळा आला आणि आतून सौ. म्हणाली, "आज मन लागलंय वाटतं पूजेत."

हा मार्ग काही अगदीच अडाणी नाही. आपल्या अदिती अशोकचा चेंडू लांब जाण्याबद्दल कधी फारसा बोलबाला नव्हता. पण गलीपाशी ती भारी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. पदक एका फटक्यानं हुकलं. काठ्यांची पिशवी सांभाळायला बरोबर तिची आई होती.

चार महिन्यांनी पुन्हा पुण्याला गेलो. नऊ होल खेळायचं ठरलं. अठरा होलना जिथं बहात्तर फटके धरतात, तिथं मी नऊ होलमध्येच एकाहत्तर लावले. म्हणजे एका फटक्यानं वाचलो. पण गंमत अशी की, मला लाज वाटत नव्हती. हुकला की मनात अण्णा म्हणायचे, 'पुढचा प्रश्न.'

त्या दिवशी बिघडलं होतं ते जावयांचं. एरवी रेघ ओढल्यासारखा मारणारा माणूस, पण सातव्या होलपाशी ओळीनं तीन चेंडू झाडीत. चौथ्याला हात थरथरताना मला दिसला. मी आपला सहज म्हणालो, "जावईबापू, तुम्ही पेपर लिहितानाच निकाल बघताय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग तिथल्या बाकावर बसले. बराच वेळ गेला. मागून येणाऱ्या दोन मंडळींना आम्ही पुढं जाऊ दिलं. मग खाली बघत म्हणाले, "बाबा, नोकरी गेली. तीन आठवडे झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी परत येतो."

छत्तीस वर्षांत बँकेच्या टेबलासमोर असे चेहरे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांना काय सांगायचं ते पाठ होतं. पण ते सगळे अर्जदार होते, जावई नव्हते. मला एकदम आठवलं, याच माणसाला मी दीड वर्ष कागदपत्रं पूर्ण करायला लावली होती. त्यातला सगळ्यात मोठा रकाना नोकरीचा होता. मग मलाच सांगायची भीती त्याला वाटणार नाही तर कुणाला?

मी म्हणालो, "आज रात्री तिला सांगा. मी शेजारी बसतो."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतंय ना. पण हा प्रश्न झाला. आता पुढचा."

मग उठून त्यांनी चेंडू मारला. तो सरळ पाण्यात गेला. दोघंही हसलो. पाणी उडालेलं बघून लातूरच्या माणसाला तसंही बरंच वाटतं.

रात्री त्यांनी सांगितलं. मुलगी चिडली. नोकरीसाठी नाही, तीन आठवडे ती रोज सहाला उठून ज्या पोळ्या लाटत होती त्यांच्यासाठी. मग थोडी रडली आणि मग तिनं पिठलं टाकलं. मी कबूल केल्याप्रमाणे शेजारी बसून होतो. काही बोललो नाही. मला वाटतं, बापानं अशा वेळी डोकं खालीच ठेवावं.

दुसरी नोकरी मिळायला पाच महिने गेले. त्यातले पंधरा दिवस जावई आमच्याकडे लातूरला येऊन राहिले. रोज सकाळी आम्ही अंगणात आलटून पालटून डब्यात चेंडू टाकायचो. हल्ली त्यांचा फोन मुलीला न येता थेट मला येतो. 'पाऊस?' ते विचारतात. 'नाही,' मी सांगतो. पण त्यानंतर अर्धा तास आम्ही बोलतो.

सौ.नं डबा परत मागितला होता. मी देत नाही. मेतकूट अजून बरणीतच असतं.